खालीं राहणाऱ्याचा वांटा

नवराबायकोला एखादा सामाईक छंद असावा, असें सगळींच शहाणीं माणसें सांगतात. मात्र तो छंद कोणता असावा, याविषयीं त्यांच्या मनांत कांहीं कल्पना ठरलेल्या असतात. दोघांनीं मिळून बाग करावी, गाणें ऐकावें, जुनीं नाणीं गोळा करावीं. फार झालें तर संध्याकाळीं जोडीनें फिरावयास जावें. असल्या छंदांचें सर्वांना कौतुकच वाटतें. आमचे छंद दोन, आणि दोन्ही या यादींत न बसणारे. एक धनुष्यबाणाचा, आणि दुसरा, कापडाच्या पंखाला लोंबकळून डोंगराच्या माथ्यावरून हवेंत जाण्याचा. पहिल्यामुळें लोक आम्हांला विक्षिप्त समजतात आणि दुसऱ्यामुळें बेजबाबदार. विक्षिप्तपणाचा आरोप आम्ही हंसून मान्य करतों. बेजबाबदारपणाचा आरोप मात्र हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. त्याचाच आज थोडा विचार करावा, असें मनांत आहे.

आरंभींच एक गोष्ट सांगून टाकतों. हा निबंध आम्ही उभयतांनीं मिळून लिहिला आहे, म्हणून यांत 'मी' असा येणार नाहीं. 'आमच्यांपैकीं एकजण' असें जेथें येईल, तेथें तो एकजण पति कीं पत्नी, हें शोधण्याच्या खटपटींत वाचकांनीं पडूं नये. व्याकरणाच्या सोयीसाठीं सर्वत्र पुल्लिंग वापरलें आहे. त्यावरून कसलाहि निष्कर्ष निघत नाहीं.

आमचें गांव उमरखेड. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरचें, पैनगंगेच्या अलीकडचें. नदी ओलांडली कीं नांदेड जिल्हा लागतो. एके काळीं हीच नदी इंग्रजांच्या ताब्यांतील वऱ्हाड आणि निजामाचा मुलूख यांच्यामधली सीमा होती. त्यामुळें आमची बोली धड वऱ्हाडीहि नाहीं आणि धड मराठवाडीहि नाहीं. भोंवतालीं काळी जमीन. तींत कापूस, तूर, सोयाबीन, हळद आणि पाण्याची सोय असेल तेथें ऊंस. पलीकडे बंदी भागाचें रान आणि पैनगंगेचें अभयारण्य. आमच्यांपैकीं एकाची नोकरी शाळेंत आणि दुसऱ्याची पतपेढींत. घरांत वृद्ध आई आणि आठ वर्षांची मुलगी. संसार म्हणून पाहिला तर त्यांत नवल करण्यासारखें कांहींच नाहीं.

आमचा दिवस पहांटे साडेपांचाला घरामागच्या मोकळ्या जागेंत सुरू होतो. तेथें मातीचा एक उंच बांध घातला आहे. त्या बांधापुढें, गोणपाटांत जुन्या चिंध्या ठासून केलेलें लक्ष्य उभें असतें. ऑलिंपिकमध्यें लक्ष्य सत्तर मीटरांवर ठेवतात; त्या लक्ष्याचा व्यास १२२ सेंटिमीटर आणि त्याच्या मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १२.२ सेंटिमीटर असतो. आमच्या परसाची लांबी तीस मीटरांवर संपते, आणि आमचें कौशल्य बहुधा त्याच्याहि आधीं. सकाळचे तीस-तीस बाण झाले कीं चहा. दूधवाला फाटकापाशीं उभा राहून, "येऊं काय?" असें विचारल्याशिवाय आंत पाऊल टाकीत नाहीं. दारावरची घंटा त्यामुळें आम्हांला लावावीच लागली नाहीं.

धनुष्य म्हटलें कीं लोकांना एकदम अर्जुन आणि त्याला दिसलेला पक्ष्याचा डोळा आठवतो. प्रत्यक्षांत डोळ्याचें काम थोडें आणि पाठीचें फार. आमच्या धनुष्याची दोरी हनुवटीपर्यंत ओढून धरावयाची म्हणजे सुमारें चौदा किलोंचें ओझें बोटांच्या तीन पेरांवर तोलून धरणें. तें ओझें खांद्यांच्या मागच्या स्नायूंनीं वाहावयाचें असतें. दंडानें वाहूं गेल्यास हात थरथरतो. मग बोटें सैल पडतात, आणि बाण जातो. बोटें मुद्दाम उघडलीं तर दोरीला आडवा झटका बसून बाण बाजूला पडतो. तीस मीटर जावयास त्याला अर्धा सेकंद लागतो. त्या अर्ध्या सेकंदांत करण्यासारखें कांहींहि शिल्लक राहिलेलें नसतें.

नेम धरणाऱ्याला समोरच्या पिवळ्या वर्तुळाखेरीज कांहीं दिसत नाहीं, आणि दिसूंहि नये. डावा खांदा किंचित् वर चढला आहे, उजवें कोपर खालीं उतरलें आहे, श्वास मध्येंच अडला आहे, यांतलें कांहींच त्याला ठाऊक नसतें. तें सर्व मागें उभ्या असलेल्या माणसाला दिसतें. म्हणून आमच्याकडे दोघांनीं एकाच वेळीं बाण सोडण्याची रीत नाहीं. एकजण सोडतो आणि दुसरा मागें उभा राहतो. मागच्यानें बोलावयाचें तें बाण लागल्यावर, आणि तेंहि एका वाक्यांत. लग्नाच्या पहिल्या वर्षीं हें एक वाक्य पांच-सहा वाक्यांपर्यंत लांबत असे, आणि मग चहा थंड होत असे. आतां 'खांदा' एवढा एक शब्द पुरतो.

या छंदाला गांवांत प्रतिष्ठा मिळाली ती मात्र आमच्या नेमामुळें नव्हे. ५ ऑगस्ट २०२३ या दिवशीं बर्लिन येथील जागतिक स्पर्धेंत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, हीं दोघेंहि कंपाउंड धनुष्याच्या वैयक्तिक प्रकारांत जगज्जेतीं झालीं. ओजसनें अंतिम सामन्यांत १५० पैकीं १५० गुण मिळविले. दोघेंहि साताऱ्यास प्रवीण सावंत यांच्या हाताखालीं तयार झालेलीं. त्यांचें धनुष्य कप्प्या लावलेलें आणि लक्ष्य पन्नास मीटरांवर; आमच्या साध्या धनुष्याचा त्याच्याशीं दूरचाच संबंध. तरी त्या आठवड्यांत आमच्या फाटकाशीं चार पालक आपल्या मुलांना घेऊन उभे राहिले, आणि विक्षिप्तपणाच्या आरोपांतून आमची निम्मी सुटका झाली.

दुसरा आरोप आकाशाशीं निगडित आहे, आणि आकाश उमरखेडला भरपूर आहे. माघ संपत आला, पऱ्हाट्या उपटून वावरें उघडीं पडलीं, हळद शिजविण्याच्या कढयांखालीं जाळ लागले, कीं दुपारीं अकराच्या सुमारास काळी जमीन तापूं लागते. तिच्यालगतची हवा तापून हलकी होते आणि मोठ्या बुडबुड्यासारखी जमिनीपासून सुटते. वर चढतांना ती दर शंभर मीटरांस सुमारें एक अंश थंड होत जाते, आणि भोंवतालच्या हवेपेक्षां उष्ण आहे तोंवर चढतच राहते. रस्त्यानें जाणाऱ्याला त्यांतलें एकच चिन्ह दिसतें, तें म्हणजे कचरा आणि धूळ गरगर फिरवीत धुऱ्यावरून जाणारी वावटळ. पण मान वर करावी, तर पुष्कळ वेळां तिच्या माथ्यावर एखादी घार पंख न हलवितां चकरा घेत वर जात असते. शाळेच्या मधल्या सुटींत आणि पतपेढीच्या पायरीवर आमचें लक्ष हिशेबापेक्षां या घारीकडे अधिक असतें. घरीं आल्यावर, "आज बाराला साळुंक्यांच्या वावरावर चांगली चढत होती," असें बोलणें निघालें, तर तें तुरीच्या भावाविषयीं नाहीं, हें आतां आईलाहि कळतें.

ज्या हवेवर घार चढते, त्याच हवेवर आम्ही चढतों. सन १९७८ मध्यें फ्रान्समधील मियुसी या गांवीं तीन छत्रीधारकांनीं विमानांतून उडी घेण्याऐवजीं डोंगराच्या उतारावरून धांवत जाऊन आपल्या छत्र्या उघडल्या. विमानाचा खर्च वांचवावा, एवढाच त्यांचा हेतु होता. त्यांतून पॅराग्लायडिंगचा हा खेळ निघाला. यांत इंजिन नाहीं. पंचवीसएक चौरस मीटरांचा कापडी पंख, त्याला बारीक दोऱ्या, आणि दोऱ्यांच्या खालीं बसावयाचें आसन. शांत हवेंत हा पंख पुढें जातां जातां सेकंदास सुमारें एक मीटर खालीं येतो. भोंवतालची हवा सेकंदास दोन मीटर वर जात असली, तर माणूस एक मीटर वर जातो. म्हणजे उडणारा सदैव खालींच येत असतो; वर नेते ती हवा. संसाराविषयीं यांतून काय बोध घ्यावयाचा, तो ज्याचा त्यानें घ्यावा.

उमरखेडच्या बाजूस ज्या टेकड्या आहेत त्यांवर रान आहे, आणि रानांत उतरतां येत नाहीं. म्हणून आम्ही कामशेतला जातों. पावसाळा सरला कीं मावळांतल्या त्या डोंगरांवर ऑक्टोबरपासून मेपर्यंत उडणारे जमतात. नांदेडहून रात्रीच्या गाडीनें पुणें, आणि तेथून लोणावळ्याच्या लोकलनें कामशेत. पाठीवर पंधरा-सोळा किलोंचें बोचकें असतें. तें पाहून गाडींतल्या एका गृहस्थांनीं, "गादी कितीला दिली?" असें विचारलें होतें, तेव्हांपासून घरांत त्या बोचक्याचें नांव गादीच पडलें. दिवाळीची सुटी आणि फेब्रुवारींतले चार दिवस मिळून वर्षांतून दहा-बारा दिवस आम्ही तेथें असतों. उरलेले साडेतीनशे दिवस घारी पाहण्याचे.

लग्नानंतरचे पांच हिंवाळे आम्ही दोघें एकत्र उडलों. एकाच बुडबुड्यांत दोन पंख शिरले, तर पहिल्यानें ज्या दिशेनें वळण घेतलें असेल त्याच दिशेनें दुसऱ्यानेंहि वळावें, असा हवेंतला नियम आहे. त्यामुळें आम्ही एका अदृश्य खांबाभोंवतीं, एकमेकांच्या समोर राहून, फेऱ्या घेत वर जात असूं. मध्यें पन्नासएक मीटरांचें अंतर, कानांत वाऱ्याचा आवाज. बोलणें शक्य नसे. पण समोरच्याचे पाय दिसत, तोंड वळलेलें दिसे, आणि तो हंसतो आहे हें कळे. खालीं पवनेचें पाणी चकाकत असे. त्या अवस्थेचें वर्णन आम्हां दोघांनाहि आजवर धड करतां आलेलें नाहीं, आणि एकमेकांना तें करून सांगण्याची गरजहि पडली नाहीं.

मग मुलगी झाली. पुढच्या दिवाळींत आम्ही बोचकीं बांधूं लागलों, तेव्हां शेजारपाजारच्यांनीं जें म्हणावयाचें तें म्हटलें. आई कांहीं बोलली नाहीं. ती नातीला मांडीवर घेऊन बसली होती. गाडीची वेळ झाली तेव्हां ती एवढेंच म्हणाली, "उडा ना बापा, कोन नाई म्हनते! पन दोघंई एकाच टायमाले काहून?"

या प्रश्नांत राग नव्हता, आणि भीतीहि फारशी नव्हती. एखाद्या हिशेबांतली जागा दाखवावी तसा तो प्रश्न होता. आम्ही रात्रभर गाडींत जागे होतों. एका अंगानें पाहिलें तर त्याला सरळ उत्तर होतें. गांवाहून नांदेडपर्यंत आम्ही दोघें एकाच जीपमधून जातों, आणि त्या रस्त्यावर माणसें मरत नाहींत असें नाहीं. तेथें, 'दोघें एका गाडींत काहून?' असें कोणी विचारीत नाहीं. परंतु हा युक्तिवाद आम्हांला स्वतःलाच पटेना. रस्त्यानें जाणें भाग असतें. डोंगरावरून उडणें भाग नसतें. जें भाग नाहीं आणि केवळ आनंदासाठीं आहे, त्याचा जमाखर्च अधिक काटेकोरपणें ठेवावा लागतो. पुण्याचें स्टेशन येण्यापूर्वीं ठरलें, कीं यापुढें दोघांनीं एकाच वेळीं हवेंत असावयाचें नाहीं. एकजण वर, तर दुसरा खालीं. त्या गोष्टीला आतां सात वर्षें होऊन गेलीं.

हा नियम करून आम्हीं कांहीं मोठा त्याग केला, असा आव आणावयाचा नाहीं. पण कांहींच गमावलें नाहीं, असेंहि नाहीं. समोरच्याचे पाय आतां दिसत नाहींत. पंख तोच, डोंगर तोच, हवा तीच. तरी वर गेल्यावर आपोआप मान वळते, आणि जेथें दुसरा पंख असावयाचा तेथें नुसतें आकाश असतें. आमच्यांपैकीं एकजण पहिल्या वर्षीं वीस मिनिटांतच खालीं उतरला. हवा चांगली असतांना कां उतरलास, असें विचारल्यावर, "एकट्याला कंटाळा आला," एवढेंच उत्तर मिळालें.

मात्र खालीं राहणाऱ्याचें काम काय असतें, हें आम्हांला या सात वर्षांत कळलें. पूर्वीं वाटे, कीं तो नुसता बसून असतो. तसें नाहीं. वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी नळी मैदानांत उभी असते. तिच्यावर त्याचा एक डोळा. दुसरा डोळा त्या रंगीत ठिपक्यावर. पलीकडच्या खिंडींत धूळ उठली, दूरच्या डोंगरावर ढगाचा तळ काळा पडला, उतरण्याच्या जागेंत म्हशी आल्या, हें सर्व वरच्याच्या आधीं त्याला दिसतें, आणि तें वॉकीटॉकीवरून थोडक्यांत सांगावें लागतें. पहांटे धनुष्याच्या मागें उभें राहून जें शिकलों, तेंच येथें कामाला येतें. पाहणें पुष्कळ असावें, आणि सांगणें एका वाक्याचें.

एका फेब्रुवारींत भर दुपारीं वरच्याच्या पंखाची एक बाजू एकदम मिटली. उकळत्या हवेंत असें होतें. उंची पुरेशी असली तर पंख बहुधा आपला आपण दोन-तीन सेकंदांत भरतो. भरला नाहीं, तर राखीव छत्री असते. हें सर्व खालच्याला पाठ होतें. त्याच्या कडेवर एक वर्षाची मुलगी होती आणि ती बोट दाखवून, "बाबू, बाबू" असें कांहींतरी बोलत होती. पंख भरला. अर्ध्या तासानें वरचा खालीं आला, तो एका गरुडाविषयीं बोलतच आला. तो गरुड त्याच्या पंखाच्या टोंकाशीं बराच वेळ तरंगत होता म्हणे. खालच्यानें गरुडाची सगळी हकीकत ऐकून घेतली. पंखाचा विषय रात्रीं निघाला. वरच्याच्या आठवणींत ते तीन सेकंद फार लहान होते. त्याचे हात तेव्हां कामांत गुंतलेले होते. खालच्याचे हात रिकामे होते, म्हणून त्याच्या वांट्याला ते सेकंद पुरे आले.

ओटो लिलिएन्थाल या जर्मन अभियंत्याचें नांव उड्डाणाच्या प्रत्येक पुस्तकांत असतें. १८९१ पासून पांच-सहा वर्षांत त्यानें स्वतः बांधलेल्या पंखांनीं सुमारें दोन हजार वेळां हवेंत झेप घेतली. ९ ऑगस्ट १८९६ रोजीं श्टोल्न गांवाजवळच्या टेकडीवरून तो पडला आणि दुसऱ्या दिवशीं वारला. त्याच्या पंखांचीं मापें, त्यानें केलेलें करकोच्याच्या पंखांचें निरीक्षण, हें सर्व छापलेलें आहे. मागें त्याची पत्नी ॲग्नेस आणि चार मुलें राहिलीं; त्यांच्याविषयीं मात्र ओळ-दोन ओळी सांपडतात. १९८९ सालीं त्याच गांवाच्या गवताळ पट्टीवर चार इंजिनांचें एक थोरलें प्रवासी विमान उतरवून तें स्मारक म्हणून तेथेंच ठेवण्यांत आलें. त्या विमानाला नांव दिलें आहे 'लेडी ॲग्नेस'. खालीं राहिलेल्या माणसाची आठवण होण्यास त्र्याण्णव वर्षें लागलीं; पण झाली, याचें आम्हांला बरें वाटतें.

त्या रात्रींनंतर घरांत आणखी एक नियम आला. दोघांपैकीं कोणीहि, कोणत्याहि क्षणीं, 'आज नको' म्हणावें, आणि दुसऱ्यानें कारण विचारूं नये. पंख पसरून, पट्टे आवळून, धांवावयाच्या तयारींत असलेला माणूसहि या दोन शब्दांवर पट्टे सोडतो. कारण विचारलें कीं वाद सुरू होतो, आणि वादांत पुष्कळदां ज्याची भाषा चांगली तो जिंकतो. हवेला भाषेशीं कर्तव्य नसतें. सात वर्षांत हे शब्द अकरा वेळां उच्चारले गेले. अकराहि वेळां नंतर कांहीं विपरीत घडलें असें नाहीं. दोनदां तर दिवसभर सोन्यासारखी हवा होती आणि इतर सगळे संध्याकाळपर्यंत उडत होते. तरी, "पाहिलेंस ना, उगीच थांबविलेंस," असें अजून कोणी म्हटलेलें नाहीं. आमच्या संसारांत अभिमान बाळगण्यासारखें कांहीं असेल, तर तें एवढेंच. त्याचा उपयोग उमरखेडलाहि होतो. जमिनीच्या व्यवहारांत, पाहुण्यांच्या आमंत्रणांत, एकदां तर चालून आलेल्या बढतीच्या बाबतींतहि एकानें 'आज नको' म्हटलें, आणि दुसऱ्यानें पट्टे सोडले.

मग आम्ही बेजबाबदार आहों कीं नाहीं? आरोप सर्वस्वीं खोटा, असें आम्ही म्हणणार नाहीं. जो वर जातो तो आपला धोका सोबत घेऊन जातो, पण त्याचा कांहीं भाग खालच्याच्या पदरांत टाकून जातो, आणि हा भाग कोणत्याहि नियमानें शून्य होत नाहीं. नियमानें एवढेंच होतें, कीं तो भाग आळीपाळीनें दोघांच्याहि वांट्याला येतो. वर जाणाऱ्याला खालीं उभें राहण्याची किंमत ठाऊक असते, कारण कालच त्यानें ती मोजलेली असते.

मुलगी आतां आठ वर्षांची आहे. तिच्यासाठीं वेळूचें लहान धनुष्य केलें आहे, आणि ती मागें उभी राहून आम्हां दोघांनाहि 'खांदा' म्हणूं लागली आहे. गेल्या महिन्यांत जुन्या छायाचित्रांत तिला एकाच आकाशांत दोन पंख दिसले. हे दोघे कोण, असें तिनें विचारलें, आम्हीं सांगितलें. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मी मोठी झालें ना, कीं मी राहीन खालीं. मग तुम्ही दोघें जा."

सात वर्षें ज्याची वाट पाहिली तें तिनें असें सहज देऊं केलें. पण तिला काय उत्तर द्यावें, हें अजून आमचें ठरलेलें नाहीं. तें दिलेलें घ्यावें, तर खालच्याचे ते तीन सेकंद एक दिवस तिच्या वांट्याला येतील, आणि तेहि दोघांचे. न घ्यावें, तर तिला काय कारण सांगावें? तूर्त तिला एवढेंच सांगितलें आहे, कीं अजून पुष्कळ अवकाश आहे. येत्या दिवाळींत पहिली पाळी कोणाची, याच्या चिठ्ठ्या टाकण्याचें काम मात्र तिनें आपणहून आपल्याकडे घेतलें आहे. आणि चिठ्ठ्या उघडीपर्यंत आजीच्या कनवटीला राहतील, असेंहि तिनेंच ठरविलें आहे.